लीझेचं काय झालं

सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या आमच्या घरात बहुतेक वेळ माणसं दोनच असायची, आई आणि मी. बाबा बोटीवर इंजिनिअर होते. वर्षातले आठ महिने ते पाण्यावर, आणि उरलेल्या चार महिन्यांत घरी असले तरी पहिले काही दिवस फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखे वावरायचे, कुठला डबा कुठे आहे ते विचारत. आम्ही सातव्या मजल्यावर राहत होतो आणि लिफ्ट थांबायची नवव्यावर, त्यामुळे भाजीच्या पिशव्या घेऊन दोन मजले खाली उतरायचं आणि मग घर. दुपारी समोरच्या मलय आजी दगडी खलात मिरच्या कुटायच्या, त्यांचा ठेका आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. रद्दीवाला भोंगा वाजवत खालून जायचा. वॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, कधी लग्नाचे ढोल वाजायचे, कधी कुणाच्या मयताचे मंत्र चालायचे. आई या सगळ्या आवाजांत खिडकीपाशी बसलेली असायची. हातात निवडायची पालेभाजी, आणि नजर कुठे तरी बांबूवर वाळणाऱ्या कपड्यांच्या पलीकडे.

मला तेव्हा ते दिसत होतं, पण कळत नव्हतं. आई पुण्यात कॉलेजात जर्मन शिकवायची. लग्नानंतर काही वर्षं तिनं ते केलं, मग बाबांच्या कंपनीनं सिंगापूरला यायला सांगितलं, आणि इथे तिला जर्मन कुणी विचारलं नाही. इंग्रजीत ती अडखळायची. वाचायची भराभरा, पण बोलताना वाक्य आधी मनात जुळवून घ्यायची आणि तोवर समोरच्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असायचं. मी शाळेतून आले की तिच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची, इथल्या बोलीसारखा शेवटी 'लाह' लावून "ओके लाह, आई," एवढ्यावर संपवायची. आज याच शहरातल्या सेंगकांगमध्ये माझी नात मला अगदी याच सुरात उत्तर देते, आणि मी गप्प बसते, कारण तक्रार करायचा अधिकार मला नाही.

एके दिवशी आईनं लायब्ररीच्या फळ्यावर एक कार्ड लावलं. जर्मन शिकवते, जुन्या लिपीतली पत्रं वाचून देते, असं त्यावर माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं होतं. "जुन्या लिपीतली पत्रं इथे कोण आणणार आहे?" असं मी म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "असू दे गं. येतं ते लिहायला काय हरकत आहे." तिचे वडील पुण्यात दफ्तरखान्यात होते, त्यांनी तिला लहानपणी मोडी वाचायला शिकवलं होतं. पुढे कॉलेजात तिच्या म्हाताऱ्या सरांनी जर्मनांची जुनी हस्तलिपी दाखवली, तेव्हा बाकीची मुलं कंटाळली आणि आई रमली. हात न उचलता धावत लिहिलेलं अक्षर, एकमेकांत अडकलेले शब्द. तिला ते घरचंच वाटलं.

कार्ड लावल्याला दोन महिने झाले असतील, तेव्हा फोन आला. पलीकडे एक म्हातारा, खणखणीत आवाज. त्या एडना फॉग्ट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या. त्यांचा मुलगा आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात मोठा साहेब होता आणि नवरा गेल्यावर त्या त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. माझी मैत्रीण सिउ लिंग हे ऐकून खूप हसली. आंग मो म्हणजे तिच्या घरच्या भाषेत गोरा माणूस. "आंग मो मग आंग मो किओतच राहणार, कुठे आणखी लाह!"

पहिल्या शनिवारी आम्ही दोन बस बदलून त्यांच्याकडे गेलो. कारखान्यांच्या मागे भिंतीला भिंत लागलेल्या टेरेस घरांची एक शांत रांग होती, त्यातलं शेवटचं. एडना आँटी उंच, मोठ्या हाडाच्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी आम्हांला बटाट्याची कोशिंबीर खायला दिली, कोमट, व्हिनेगर आणि कच्चा कांदा घातलेली. आई एक घास खाऊन म्हणाली, "मोहरीची फोडणी पाहिजे होती," आणि मी घाईघाईनं इंग्रजीत सांगितलं की आईला फार आवडली. पुढच्या शनिवारी आईनं डब्यातून उपासाची बटाट्याची भाजी नेली. त्यानंतर दर आठवड्याला दोन्ही बाजूंनी बटाटेच व्हायचे.

खाणं झाल्यावर त्यांनी एक पुठ्ठ्याची पेटी आणली. त्यात पत्रं होती. त्यांचे आजोबा योहान जर्मनीतलं आपलं खेडं सोडून, बायको कॅथरिना आणि दीड वर्षाची मुलगी लीझे यांना घेऊन बोटीनं अमेरिकेला निघाले होते. तिथून त्यांनी गावाकडे धाकट्या भावाला लिहिलेली ही पत्रं. भावाच्या घराचा माळा आवरताना ती सापडली आणि त्या घरच्यांनी ती एडना आँटींकडे पाठवून दिली, कारण ती लिपी त्यांच्यातही कुणाला वाचता येत नव्हती.

"मला एकच गोष्ट हवी आहे," आँटी म्हणाल्या. "लीझेचं काय झालं. आमच्या घरच्या बायबलात पहिल्या पानावर तिचं नाव आहे, जन्मतारीख आहे. पुढे काही नाही. लग्न नाही, मृत्यू नाही. माझी आई ही तिच्या पाठची बहीण. ती आयुष्यभर लीझेची कबर शोधत होती. मी लहान असताना रविवारी चर्च झालं की आम्ही आजूबाजूच्या एकेका गावच्या स्मशानात जायचो. आई खुरप्यानं दगडावरचं शेवाळ काढायची आणि मी नाव वाचायची. आजीला विचारलं तर ती उठून आत जायची." मग त्या माझ्याकडे बघून हसल्या. "ते एक कळलं की मी घरी परत जाणार. तिथे एक दगड बसवणार, आणि मग माझी मी मोकळी."

आईनं पहिलं पत्र उजेडाकडे धरलं. बराच वेळ नुसते ओठ हलत होते. मग तिनं एक ओळ जर्मनमधून मोठ्यानं वाचली, आणि एडना आँटींनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. जर्मन त्यांना येत नव्हतं, पण आजीच्या तोंडचे चार-दोन शब्द कानात राहिले असावेत.

कामाची पद्धत आपोआप ठरली. आई दोन-तीन पत्रं एकदम घरी आणायची आणि आठवड्याला एक सोडवायची. दोन दिवस ती एकटीच त्याच्याशी झटायची, भिंग घेऊन, वहीत एकेक शब्द सोडवत. मग बुधवारी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर टाइपरायटर मांडायची आणि ती जर्मन बघत बघत मराठीत सांगायची, मी ते इंग्रजीत टाइप करायची. विस्कॉन्सिनमधली थंडी, विकत घेतलेली गाय, लाकडाच्या घराच्या फटींत कोंबलेलं शेवाळ, सगळं आमच्या घरात मराठीतून जायचं. "गाय आटली," आई म्हणायची. "आटली म्हणजे?" मी विचारायची, आणि ती समजावून सांगायची. 'कणगी', 'वैरण', 'भेगाळलेली जमीन', हे शब्द मी पुण्यात नाही, एका जर्मन शेतकऱ्याच्या पत्रातून शिकले. आणि मी एक नवी आई बघत होते. ती टेबलाभोवती फिरत सांगायची, एखादा शब्द सुटला की टाळी वाजवायची. शेवटी टाइप केलेलं पान पेन्सिल घेऊन तपासायची, आणि इंग्रजीत बोलताना अडणारी ही बाई माझ्या इंग्रजीतल्या चुका बरोबर पकडायची. शनिवारी ती सुती साडीला इस्त्री करायची. बसमध्ये खिडकीशी बसून गुणगुणायची.

पत्रांवर तारखा पुसट होत्या आणि ती लागोपाठ नव्हती, त्यामुळे अमेरिकेत पोचल्यावरचं अगदी पहिलं पत्र आमच्या हाती आलं ते तीन-चार महिन्यांनी. त्या आठवड्यात आईला ताप होता. तरी ती शाल घेऊन टेबलाशी येऊन बसली. मी यंत्रात कागद घातला. ती सांगू लागली.

"'प्रिय भाऊ, आम्ही पोचलो. पाचव्या दिवशी लीझेच्या अंगात ताप भरला. खाली हवा नव्हती. कॅथरिना तिला घेऊन जिन्यापाशी बसून राहिली. अकराव्या दिवशी सकाळी ती उठली नाही.'"

आई थांबली. मीही थांबले.

"टाइप कर," ती म्हणाली. "'बोटीवरच्या सुतारानं पेटी केली. कप्तानानं बायबल वाचलं. मग त्यांनी तिला पाण्यात सोडलं. कॅथरिना तिचं टोपरं द्यायला तयार नव्हती, ते तिनं ठेवून घेतलं. आईला यातलं काही सांगू नकोस. लीझे बरी आहे, चालायला लागली आहे, असं सांग.'"

आईनं वही मिटली. "आज मला तपासवत नाही, माधू. तूच नीट बघून घे आणि उद्या पोस्टात टाक. शनिवारी काही मला जमायचं नाही. त्यांना निदान कागद तरी मिळू दे." आणि ती जाऊन पडली.

मी एकटी त्या पानासमोर बसले. मला लीझेचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात दुसरंच होतं. हे पान पोचलं की संपलं. एडना आँटी सामान बांधणार, विस्कॉन्सिनला जाणार, आणि आई पुन्हा खिडकीपाशी बसणार. मी कागद यंत्रातून काढला, फाडला, आणि नवा घातला. पाचव्या दिवशी ताप भरला ते मी काढून टाकलं. त्याऐवजी लिहिलं, की निघायच्या वेळीच लीझेला ताप होता, म्हणून तिला ब्रेमेन बंदरात कॅथरिनाच्या बहिणीकडे ठेवलं, बरी झाली की तिला बोलावून घेऊ. म्हणजे शोध संपणार नाही, तो नुसता लांबेल. मला ते फार हुशारीचं वाटलं. भावाला खोटं सांगायला लावणाऱ्या त्या योहानचा मला आधारही वाटला असेल. आता या वयात त्याचं थोडंफार कळतं. तेव्हा मी फक्त त्याची नक्कल केली.

शुक्रवारी फोन वाजला, तो मी उचलला. एडना आँटी रडत होत्या, पण वेगळंच रडणं. "माधवी, ती जगली! ती मेली नसेलच! ब्रेमेनमध्ये तिची मुलं असतील, नातवंडं असतील. माझी आई उगाच दगड खरवडत राहिली. आईला फोन दे." मी सांगितलं, आई झोपली आहे. आई आतून म्हणाली, "कोण गं?" मी म्हटलं, "आँटी. खूप रडतायत. नंतर बोलते म्हणाल्या." त्यानंतर तीनदा फोन आला, आणि तीनही वेळा मी धावत जाऊन उचलला. जेवण जाईना. मलय आजींच्या खलाचा आवाज डोक्यात बसू लागला. असं वाटायचं, आईला सांगावं. आणि तिच्याकडे बघितलं की वाटायचं, आत्ता नको, जरा बरी होऊ दे.

त्या पुढच्या शनिवारी आई उठली. तिनं फिकट साडी नेसली, कारण ती समाचाराला चालली होती. बसमध्ये ती गुणगुणली नाही. एकदाच म्हणाली, "काय बोलायचं असतं अशा वेळी इंग्रजीत?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

एडना आँटींनी दार उघडलं आणि आईला मिठी मारली. टेबलावर नवं टेबलक्लॉथ, केक, आणि ब्रेमेनमधल्या चर्चला, नोंदणी कचेरीला लिहिलेली पाकिटं, तिकिटं लावून तयार. "शैला," त्या आईला म्हणाल्या, "तू मला एक जिवंत माणूस दिलंस." आई गोंधळून माझ्याकडे बघत होती. "या हसतायत कशा?" तिनं मराठीत विचारलं. तिची नजर टेबलावर गेली. माझं टाइप केलेलं पान तिथे होतं. तिनं ते उचललं आणि उभ्याउभ्या वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. खुर्ची ओढून ती बसली आणि मनात वाक्य न जुळवता इंग्रजीत म्हणाली, "एडना, हा कागद चुकला आहे. मी चुकीचं वाचलं. तापात होते. माझं जर्मन कमी पडलं."

मला अजून ते वाक्य ऐकू येतं. त्या घरात, त्या देशात आईचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, तिचं जर्मन. आणि तेच तिनं माझ्यापुढे आडवं धरलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "आईनं बरोबर वाचलं होतं. मी बदललं. तुम्ही जाल म्हणून."

एडना आँटी आधी आईकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद एकदम गेला नाही. हळूहळू गेला, आणि ते बघणं जास्त वाईट होतं. मग त्या म्हणाल्या, "शैला, आहे तसं वाच. जर्मनमध्ये."

आईनं पिशवीतून मूळ पत्र काढलं. तिनं वाचलं तेव्हा आवाज अजिबात हलला नाही. वाचून झाल्यावर तिनं ते स्वतःच इंग्रजीत सांगितलं, तुटक, सोप्या शब्दांत. टोपऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला सुचेना, तेव्हा तिनं डोक्याभोवती हात फिरवून हनुवटीखाली गाठ मारून दाखवली. एडना आँटींनी मान हलवली. पाकिटं त्यांनी एकावर एक ठेवली आणि उपडी केली.

"बोट थांबवली होती का त्यांनी?" त्यांनी विचारलं. "तिला सोडताना. का तशीच चालत राहिली?"

"पत्रात नाही," आई म्हणाली.

केक कुणी खाल्ला नाही. दारात त्यांनी आईचा हात धरला, माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

घरी आल्यावर आईनं वरणभात लावला. मला वाढलं, स्वतःला घेतलं, तूप घातलं. मग म्हणाली, "शनिवार बंद होतील म्हणून केलंस?"

मी रडू लागले. तिनं रडू दिलं.

"त्या दिवशी पत्र वाचून झालं ना," ती भात कालवत म्हणाली, "तेव्हा माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं. आता हे संपणार. ती पोर आधी नाही, माझे शनिवार आधी. मला इतकी लाज वाटली, की तपासायला पानच हातात घेववेना." आणि मग, "पण माधू, ते तिचं मरण आहे. आपल्या सोयीनं हलवायला ते आपलं नाही."

पुढच्या आठवड्यात फोन आला नाही. बुधवारी टाइपरायटर निघाला नाही. आई खिडकीपाशी बसली नाही, पण उगाच कपाटं आवरत राहिली. गुरुवारी बाबांचा कुठल्याशा बंदरावरून फोन आला. आई बोलून झाल्यावर मी रिसीव्हर घेतला आणि शाळेचं काही न सांगता एकदम विचारलं, "बाबा, बोटीवर कुणी मेलं तर इंजिन बंद करतात का?"

"हे काय भलतंच?" बाबा घाबरले. मी त्यांना सगळं सांगितलं. लाइनवर खरखर होती. मग ते म्हणाले, "आता समुद्रात सोडत नाहीत गं सहसा, बंदरावर घेऊन येतात. माझ्या पहिल्या बोटीवर एकदा सोडलं होतं. तेव्हा आम्ही इंजिन थांबवलं होतं. खाली आम्हांला वरून निरोप आला आणि एकदम शांत झालं. पण तेव्हाचं, त्यांच्या बोटीचं मला कसं माहीत असणार? आणि तळातल्या उतारूंचं लहान मूल. थांबवली असेल, नसेल. मला माहीत नाही, बाळा."

शनिवारी मी आईला म्हटलं, मला आंग मो किओला जायचंय. तिनं काही न विचारता साडी नेसली आणि पिशवी घेतली.

एडना आँटींनी दार उघडलं. बाहेरच्या पायरीवरच मी उभी राहिले. सगळ्या वाटेत माझ्या मनात एक वाक्य तयार होत होतं, अगदी गोड. बाबा इंजिनिअर आहेत, बाबा म्हणाले की थांबवतातच. निम्मं तर खरंच होतं. त्यांचा चेहरा समोर आला तेव्हा ते वाक्य ओठांवर आलंही होतं.

"आँटी, मी बाबांना विचारलं," मी म्हटलं. "त्यांच्या बोटीवर एकदा थांबवलं होतं. लीझेच्या बोटीनं थांबवलं का, ते त्यांना माहीत नाही. नसेलही थांबवलं, म्हणाले."

मग त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग तू सांगशील ते मी आता ऐकीन." आणि आईकडे वळून, "पुढचं पत्र आणलंस?"

आईनं आणलं होतं. आम्ही टेबलाशी बसलो. एडना आँटी त्यानंतर दीड वर्ष राहिल्या, शेवटचं पत्र वाचून होईपर्यंत. मग परत गेल्या, आणि तिकडे आजी-आजोबांच्या शेजारी त्यांनी लीझेच्या नावाचा दगड बसवला. पण त्या शनिवारी हे काही आम्हांला ठाऊक नव्हतं. आईनं कागद उजेडाकडे धरला, जर्मन वाचलं, आणि मराठीची वाट न धरता थेट त्यांच्याकडे बघून इंग्रजीत सांगू लागली. योहाननं विहीर खणली होती, पाणी लागत नव्हतं. एका शब्दाशी ती अडली. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "माधू, झऱ्याला काय म्हणतात?"

मी सांगितलं. तेवढंच.